जपानी गेममध्ये डास व्हायचं, तारे गोळा करायचे... हे सुचतं कोणाला?

इंदिरानगरची मावशी:

नमस्कार मंडळी. मी गेम खेळणारी नाही. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. संध्याकाळच्या दोन बॅचच्या मधल्या वेळात हे लिहायला बसलेय, कारण विषय डोक्यातून जात नाहीये.

नाशिकरोडचा माझा भाचा सुट्टीला आलाय. सोबत जुना प्लेस्टेशन टू आणि पिशवीभर जपानी गेम. माझी समजूत अशी की गेम म्हणजे गाड्या पळवायच्या नाहीतर बंदुका चालवायच्या. बघते तर हा चक्क डास झालेला! 'मिस्टर मॉस्किटो', 2001 चा गेम. यामादा नावाचं साधंसुधं कुटुंब, आई, वडील, मुलगी, आणि त्यांच्या घरात राहणारा डास म्हणजे आपण. उन्हाळाभर रक्त साठवायचं, म्हणजे हिवाळ्याची सोय होते. माणूस आपल्या नादात असताना हळूच अंगावर बसायचं, सोंड टोचायची आणि कंट्रोलरची उजवी दांडी गोल गोल फिरवत रक्त ओढायचं. भरभर फिरवली की त्याला कळतं, फार रेंगाळलात तरी कळतं. कळलं की तो मारायला धावतो. मग त्याला शांत कसं करायचं? अंगावरच्या ठराविक बिंदूंवर जाऊन धडकायचं, की गडी निवांत. म्हणजे डास ॲक्युप्रेशर करतो! मी लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आले. एरवी आम्ही डासांच्या भीतीने दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावून घेतो, आणि इथे मी 'अरे हळू फिरव, हळू' म्हणून ओरडत होते.

दुसरा गेम त्याहून कमाल. 'कातामारी दामाशी', 2004. विश्वाचा राजा धुंदीत आकाशातले सगळे तारे फोडून ठेवतो आणि निस्तरायला आपल्या पोराला पृथ्वीवर पाठवतो. पोरगं केवढं? पाच सेंटिमीटर! त्याच्याजवळ एक चिकट गोळा. घरंगळवत न्यायचा, वाटेत येईल ते चिकटतं. आधी टाचण्या, खोडरबर, मग संत्री, मग मांजर, गाय, ओरडणारी माणसं, शेवटी अख्ख्या इमारती. गोळ्याच्या मानाने वस्तू मोठी असेल तर चिकटत नाही, उलट धडकून आपलंच सामान सांडतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात गोळ्याचं माप सेंटिमीटर-मिलिमीटरमध्ये वाढत असतं. घनफळ शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर चेंडू काढतेय. त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं, हे पोरांच्या गळी उतरवताना घसा बसतो. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं.

तर प्रश्न असा. कंपनीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी उठून म्हणतो, 'आपण डासाचा गेम काढू', आणि बाकीचे 'काढू या' म्हणतात. हे जपानमध्येच कसं होतं? जाणकारांनी सविस्तर सांगा. चेष्टेवारी नेऊ नका, मला खरंच समजून घ्यायचंय.

अंबड दुसरी पाळी:

मावशी, तुमची पोस्ट कंपनीच्या बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. अर्धी बस खिडकीला टेकून झोपलेली असते, ती उठून बसली.

एक कारण अगदी धंद्याचं आहे. आधी गेम कॅसेटवर यायचे. आपल्याकडे गल्लोगल्ली होत्या त्याच, फुंकर मारून लावायच्या त्या. आत चिप असल्यामुळे त्या बनवायला महाग. 1994 ला जपानमध्ये प्लेस्टेशन आला तो सीडी घेऊन. सीडी छापायला स्वस्त, आणि खप दिसला की पटकन पुन्हा छापता येते. नुकसानीची भीती कमी झाली, की साहेब लोक विचित्र कल्पनेलाही हो म्हणतात. आमच्या टूलरूमचा अनुभव तोच आहे. डाय, म्हणजे साचा, महाग असेल तर नवीन डिझाइन कोणी पास करत नाही.

दुसरं कारण माणसांचं. कातामारी बनवणारा केइता ताकाहाशी शिकला होता शिल्पकला. त्याने वस्तूंचा ढीग शिल्पकाराच्या नजरेने पाहिला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 ला पहिल्यांदा 14 गेम संग्रहात घेतले, त्यात पॅक-मॅनसोबत हा गोळाही आहे.

आणि मारिओचंच बघा की. 1981 च्या डाँकी काँगमध्ये तो सुतार होता, पुढे प्लंबर झाला. मिशी कशाला? तेव्हा चित्रासाठी ठिपके इतके थोडे मिळायचे की तोंड दिसेना. त्याला बनवणाऱ्या मियामोतोने मिशी लावून नाक उठून दिसेल असं केलं, आणि केस काढायचा त्रास वाचावा म्हणून टोपी घातली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गेमचा हिरो मिशीवाला प्लंबर आहे, हे आपल्याला आता सवयीचं झालंय. डासही त्याच जातकुळीतला.

कॉलेजरोड_रात्रपाळी:

थोडं वेगळं मत मांडतो. 'जपानी लोक विचित्रच' असं म्हणून सोडून देऊ नका. तिथे वर्षानुवर्षं रांगा लागतात त्या ड्रॅगन क्वेस्टला, पोकेमॉनला, मारिओला. डासवाला गेम तिथल्या दुकानातही कोपऱ्यातच असणार. आपल्यापर्यंत मात्र तोच पोचतो, कारण सांगायला मजा येते. बाहेरच्या माणसाने आपल्याकडे येऊन फक्त सिंहस्थातल्या नागा साधूंचे फोटो काढले आणि सगळं नाशिक असंच राहतं म्हणून सांगितलं, तर आपल्याला पटेल का?

पण मावशींना जे जाणवलंय ते बरोबर आहे, आणि ते पोकेमॉनमध्येसुद्धा सापडतं. सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडायचा, त्या नादातून 1996 चा पोकेमॉन आला. आणखी एक गेम सुचवतो, 'बोकु नो नात्सुयासुमी', 2000 चा. आईचे दिवस भरत आलेत म्हणून एका मुलाला ऑगस्ट महिन्यापुरतं गावाकडे नातेवाइकांकडे पाठवतात. साल 1975. 31 दिवस. मासे धरा, भुंगे पकडून त्यांच्या झुंजी लावा, पतंग उडवा, संध्याकाळी जेवायला घरी या. ना शत्रू, ना बंदूक. आपल्यातल्या प्रत्येकाने हा महिना मामाच्या गावी काढलेला आहे. गेम जपानीत आहे, पण काही अडत नाही, भाचा चित्रावरून सांभाळून घेईल.

पंचवटीचा ढोल:

काय भो, एवढी चर्चा झाली आणि ढोलाचं नाव कोणी काढलं नाही?

मावशी, 'ताइको नो तात्सुजिन' बघा. 2001 ला नामको कंपनीने आणला, आधी तिथल्या गेम सेंटरमध्ये. पडद्यासमोर खराखुरा मोठा ढोल आणि दोन काठ्या. गाणं चालू झालं की उजवीकडून गोल चेहरे सरकत येतात. लाल आला की पानाच्या, म्हणजे ताणलेल्या कातड्याच्या, मध्यावर मारायचं, निळा आला की कडेवर. चेहरा मोठा असला तर दोन्ही काठ्या एकदम. मी पथकात ढोल वाजवतो, तेव्हा मित्राच्या घरी मोठ्या तोऱ्यात बसलो. पहिल्या गाण्याला बरा गेलो, आणि अवघड लेव्हलला हात बांधल्यासारखे झाले. कारण आपला ढोल कमरेला, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. तो ढोल समोर उभा, आणि दोन्ही हातांना काठ्या. हाताची अख्खी सवय बदलावी लागते.

मला आवडलं ते वेगळंच. ठोका किंचित मागेपुढे झाला तरी गेम तो 'चांगला' आणि 'बरा' असा वेगळा मोजतो. आमच्या सरावाला नवीन पोरांना हेच सांगून सांगून आम्ही थकतो. जोर कुठूनही येईल, ठोका जागेवर पडला पाहिजे. गणपतीच्या आधी सरावाच्या जागेवर एक असं मशीन ठेवायची माझी फार इच्छा आहे.

कसारा घाट (निवृत्त):

मी रेल्वेत इंजिनावर नोकरी केली. नातवाने मला 'देन्शा दे गो' दाखवला. टायटो कंपनीचा, 1996 चा. आगगाडी चालवायची आणि वेळापत्रकाप्रमाणे फलाटावर ठरल्या खुणेला उभी करायची. बस, एवढाच गेम. कंट्रोलरसुद्धा मोटरमनच्या केबिनसारखा, एका हाताला पॉवर, दुसऱ्या हाताला ब्रेक. खुणेच्या पुढे गेलात तर गुण कापले, जोरात ब्रेक लावला तरी कापले, उशीर झाला तर कापलेच. रुळाच्या कडेला कामगार दिसले आणि हॉर्न दिला तर गुण मिळतात. हे बघून मला भरून आलं. गँगमनसाठी, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्यांसाठी, हॉर्न देणं हे आमच्या कामातलं सगळ्यात आधीचं कर्तव्य. ते कोणीतरी खेळात मोजलं.

त्यात तोक्योची यामानोते लाईन आहे. गोल फिरणारी, साडेचौतीस किलोमीटरची. छानच आहे, पण सपाटीवरची. आपल्या कसारा-इगतपुरीचा कोणी असा गेम काढला तर चढ 1:37 चा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर, मागून ढकलायला बँकर इंजिनं लावलेली, पावसात चाकं घसरतात म्हणून वाळू सोडायची, धुक्यात सिग्नल दिसत नाही. खेळणाऱ्याचा घाम निघेल. कोणी पोरं बनवणार असतील तर ब्रेक कुठे आणि किती धरायचा ते मी बसून सांगायला तयार आहे. पैसे नकोत.

इंदिरानगरची मावशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सीडीचा मुद्दा मला एकदम पटला. इतके दिवस मी स्वभावात उत्तर शोधत होते, ते हिशोबात निघालं. रात्रपाळी, तुमचं म्हणणंही मान्य. भाच्याला विचारलं तर म्हणतो, पिशवीत फुटबॉलचे आणि मारामारीचे गेमही आहेत, तूच बघितले नाहीस.

कसारा काका, भाचा हे वाचून उड्या मारतोय. तो अकरावीत आहे, कॉम्प्युटरवर छोटे गेम स्वतः करतो. म्हणतो, घाट नंतर, आधी फक्त एक स्टेशन आणि एक ब्रेक जमतो का बघू. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला खुणेवर थांबवायची, एवढंच. गाडी किती अंतरात थांबते त्याचं गणित मी करून देते. त्यासाठी गाडीचं वजन, ब्रेकचा जोर आणि ब्रेक लावतानाचा वेग लागेल. रविवारी सकाळी आमच्याकडे याल का? नातवालाही आणा.