मदत हवी आहे: रात्रीच्या लाईटीवर पाणी भरताना आण्णा पार काकडून गेले

कांदेवाला:
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. आमची शेती निफाड तालुक्यात, दोन एकर उन्हाळ कांदा आणि एकरभर द्राक्षं. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी, सुट्टीलाच घरी जाणं होतं. शेत सगळं आण्णा बघतात, वय ६३, बीपीची गोळी चालू आहे. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे रात्री उठून मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत बारे द्यायचे. द्राक्षाला ड्रिप आहे, तिथं काही नाही, पण कांद्याला वाफ्यात पाणी सोडायचं म्हणजे माणूस लागतोच, पाय चिखलात, हातात फावडं आणि बॅटरी.

परवा पहाटे चारला घरी आले तर आई म्हणते बोलणं जड, गाडीची किल्ली हातातून दोनदा पडली, स्वेटरची बटणं निघेनात. आई घाबरलीच, तिला वाटलं लकवा मारला. चुलीपाशी बसवलं, चहा पाजला, तासाभराने हुशारी आली. आणि सकाळी यांचं म्हणणं काय तर काही नाही रे, जरा गारठलो होतो. आमच्या जवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर त्या दिवशी ६ अंश होतं. म्हणजे काय बर्फ पडत नव्हता, आयुष्यभर याच थंडीत पाणी भरलंय त्यांनी, मग आत्ताच असं का? वारं मात्र लय झोंबरं होतं आणि पँट मांडीपर्यंत ओली.

कान बांधा म्हटलं तर म्हणतात बिबट्याची चाहूल कशी लागणार, आणि ते पण खरंच आहे, आमच्याकडे उसात बिबट्या आहेच. मोटारीच्या खोलीत शेगडी ठेवून द्यावी का, मधून मधून जाऊन बसतील? आणि कपडे नक्की काय घ्यायचे? कोणी असं काम केलं असेल तर सांगा, फक्त शेती सोडून द्या असं नका सांगू.

सिस्टर_ताई:
दादा, बाकी सगळं नंतर, आधी आण्णांना डॉक्टरकडे न्या, आजच. थंडीने असं होतं हे खरं, पण बीपीच्या माणसाची जीभ जड झाली आणि तासाभरात बरी झाली तर तो छोटा झटका पण असू शकतो, ते घरी बसून ठरवता येत नाही. परत असं झालं तर आईंना सांगून ठेवा, हसायला लावा तोंड वाकडं होतंय का बघा, दोन्ही हात वर करायला लावा एक खाली येतोय का बघा. तसं काही दिसलं किंवा बोलणं नीट नसलं तरी लगेच १०८. चहाची वाट बघू नका.

आता थंडीचं. आतलं तापमान ३५ अंशाखाली गेलं की शरीर सांगायला लागतं, आधी हुडहुडी, मग बोटं ऐकत नाहीत, मग बोलणं जड आणि माणूस विनाकारण चिडतो. लोकांना वाटतं हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटलं, अंग गारच असताना ती थांबली तर उलट जास्त धोका. अशा वेळी पहिलं काम ओले कपडे काढायचे, मग छाती, मान, काखा गरम करायच्या. हातपाय चोळायचे नाहीत. बधिर पाय शेकोटीला लावायचे नाहीत की कढत पाण्यात घालायचे नाहीत, भाजलेलं कळतच नाही. चहा फक्त माणूस शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तरच.

माजी_फौजी:
लेहला होतो, सांगतो. ६ अंशाने माणूस पडत नाही, ओलं अंग आणि वारं याने पडतो. ५ अंशाला ताशी २० किमीचं वारं असलं की उघड्या कातडीला १ अंश असल्यासारखं लागतं. आता बघा, आण्णा ओल्या पँटीवर गाडीवर बसले आणि घरी आले. ४० च्या स्पीडला वारं पडलेलं असलं तरी गाडीच वारं तयार करते, ते उणे १ च्या आसपास जातं आणि वरून कपडा ओला. माझं म्हणणं विचाराल तर शेतात नाही, त्या रस्त्यावर घात झाला.

कॉटन ओलं झालं की काही कामाचं नाही, गोधडी असो की बनियन. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते, आपल्या धनगरांची घोंगडी उगाच नाही. आत लोकर, वरून वारं अडवणारं काहीतरी, साधा रेनकोट पण चालतो. आणि दोन पेग मारून पाणी भरायला जाणारे आहेत त्यांनी पण ऐका, दारूने कातडीकडे रक्त येतं म्हणून गरम वाटतं, आतली ऊब बाहेर जाते.

सिन्नरकर:
शेगडी बंद खोलीत अजिबात नको भाऊ!! कोळशाच्या गॅसला वास नसतो, माणूस झोपला की उठत नाही. शेकोटी बांधावर उघड्यावर करा, वाऱ्याच्या बाजूला ट्रॉली उभी करा, आडोसा होतो. आम्ही खताच्या रिकाम्या गोणीत कोरडी पँट, सॉक्स, टॉवेल बांधून मोटारीपाशी टांगून ठेवतो, काम झालं की तिथंच बदलायचं आणि मगच गाडीला किक. मोबाईल स्टार्टर बसवा, मोटर चालू करायला तरी जावं लागणार नाही, आणि बधिर ओल्या हाताने विजेच्या पेटीला हात लावायचा प्रश्नच मिटतो, तो धोका कोणी मोजतच नाही. बिबट्याचं म्हणाल तर मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, एकट्याने जायचं नाही. चाहूल आपल्याला लागण्यापेक्षा आपली त्याला लागलेली बरी, मग कान बांधा खुशाल.

कांदेवाला:
सगळ्यांचे आभार, कालच रजा टाकून आलो. दवाखान्यात दाखवलं, ईसीजी काढला, डोक्याचा स्कॅन पण केला, त्यात काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले थंडीचंच दिसतंय पण बीपी वाढलेलं आहे, गोळी बदलली. थर्मल वगैरे सांगितलं तर आण्णा हसले, पण ते गाडीचं वारं मी सांगितलं तेव्हा गप्प झाले आणि म्हणाले हां, पुलावर आलो तेव्हाच हात गेले होते माझे. आजोबांची घोंगडी माळ्यावरून काढलीये, आई ऊन दाखवतेय. चुलतभावाशी बोललो, एक रात्र त्याचं रान, एक रात्र आमचं, दोघं मिळून. स्टार्टरवाला सोमवारी येतोय.

एकच राहिलं, गमबूट घ्यायचेत. आण्णांना ८ नंबर लागतो, जाड लोकरीचे सॉक्स घालून ९ घेऊ का? दुकानदार म्हणतो ८ च घ्या, ९ चिखलात निघून येतो.

माजी_फौजी:
९ घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, पाय आधी तिथेच गार पडतो. चिखलात निघत असेल तर घोट्याला सुतळी बांधा. आणि आत पाणी गेलं तर लगेच उपडा करून सॉक्स बदलायचे, ओल्या सॉक्सवर रात्र काढायची नाही.