विषय: गवत कापायच्या मशीनचं मॅन्युअल कुठे मिळेल?

घोडबंदर रोड, ठाणे

नमस्कार मंडळी,

आईबाबांसाठी अमेरिकेहून ठाण्याला परत येऊन तीन वर्षं झाली, पण तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीतून मी नाव काढलं नाही. आज त्याच यादीचा आधार घेतेय.

आमच्या सोसायटीत मुलांच्या खेळायच्या जागेला लागून मोठी हिरवळ आहे. ती कापायला पेट्रोलवर चालणारं, ढकलायचं मशीन आहे. बागेचं काम करून गेलेल्या कंत्राटदाराने ते मागे ठेवलं. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं आहे एवढं वरच्या झाकणावर वाचता येतं, बाकी सगळे कागद गहाळ. जूनच्या शेवटी गवत कापताना पातं चेंबरच्या झाकणाच्या कडेवर आपटलं आणि मशीन खाडकन बंद पडलं. तेव्हापासून सुरूच होत नाही. दोरी ओढली की उलटा हिसका बसतो, माळीदादांचं मनगट सुजलंय. गॅरेजवाल्याने दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, प्लगही बदलला. आता तो म्हणतो, इंजिन गेलं, भंगारात द्या.

मला हे पटत नाही. मशीनचं नाव टाकून नेटवर दोन रात्री शोधलं. मिळालं ते एकतर जाहिरातींचं जंगल, नाहीतर ‘मॅन्युअल डाउनलोड’ म्हणत कार्डाचा नंबर मागणाऱ्या साइट्स. तुमच्यापैकी बरेच जण दर शनिवारी स्वतःचं लॉन कापता. इंजिन दुरुस्तीचं खरं पुस्तक कुठे मिळतं?

एडिसन, न्यू जर्सी

ताई,

पहिलं काम म्हणजे मशीनचं नाव विसरा. मशीन एकाचं आणि इंजिन दुसऱ्याचं, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार. मॅन्युअल इंजिनाच्या नंबरावर मिळतं. ब्रिग्जच्या इंजिनावर तीन आकडे एका ओळीत ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. सायलेन्सरच्या किंवा प्लगच्या वरच्या पत्र्यावर बघा. वर्षानुवर्षांच्या गवताचा आणि तेलाचा थर असेल, रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा. समोरून उजेड पडला तर ठोकलेली अक्षरं दिसत नाहीत.

मॉडेलचे सुरुवातीचे एक-दोन अंक म्हणजे इंजिनाचा आकार, घन इंचांत. 12 ने सुरुवात असेल तर साधारण 190 सीसीचं. कोडचे पहिले सहा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, त्या क्रमाने. इंजिन कधी बनलं ते तिथेच कळतं.

आता पुस्तकांबद्दल, कारण इथेच सगळे गोंधळतात. ‘ओनर्स मॅन्युअल’मध्ये तेल किती घालायचं, फिल्टर कधी बदलायचा एवढंच असतं. दुसरी, सुट्या भागांची चित्रयादी. या दोन्ही गोष्टी कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि टाइप नंबर टाकले की फुकट मिळतात. तुम्हाला हवंय ते तिसरं, ‘रिपेअर मॅन्युअल’. ते विकत घ्यावं लागतं आणि ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं नसतं, इंजिनाच्या जातीचं असतं. व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, सिलिंडरच्या बाजूला असलेल्या जुन्या एल-हेड इंजिनांसाठी कंपनीचं पुस्तक 270962, आणि व्हॉल्व्ह डोक्यावर असलेल्या ओएचव्ही इंजिनांसाठी 272147. हे नंबर टाकून शोधलंत तर जाहिराती आपोआप गळतात. इथे बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचे संग्रह घरबसल्या वाचता येतात. मी माझ्या मशीनचा व्हॉल्व्ह गॅप तिथेच वाचून लावला.

आणखी एक. मशीनला हात लावण्याआधी प्लगवरची वायर काढून लांब बांधून ठेवा. हे मी पाच वेळा लिहू शकतो.

घोडबंदर रोड, ठाणे

नंबर सापडले! सायलेन्सरच्या वर, चिखलाच्या पापुद्र्याखाली. मॉडेल 12 ने सुरू होतंय आणि कोडवरून इंजिन 2004 सालचं आहे. बाजूचे व्हॉल्व्ह, म्हणजे एल-हेड. भागांची यादी पाच मिनिटांत उतरवली, रिपेअर मॅन्युअलची मागणीही नोंदवली. दोन रात्री मी काय शोधत होते!

यादीत मात्र साठेक भाग आहेत. बिघाड यातल्या कशात आहे ते मला सांगता येत नाही.

नौपाडा, ठाणे

नमस्कार ताई,

मी मंडळाचा सभासद नाही. मुलगा तिकडे असतो, त्याच्यामुळे ही पत्रं मला येतात. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीच छोट्या पेट्रोल इंजिनांवर. पाण्याचे पंप, लोडशेडिंगच्या काळातले जनरेटर, फवारणीची यंत्रं. तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच लिहायला हवं होतं.

पातं आपटलं, मशीन खाडकन थांबलं आणि आता दोरीला उलटा हिसका बसतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की कार्ब्युरेटर उघडायचाच नाही. फ्लायव्हीलची ‘की’ तपासायची, म्हणजे आमच्या भाषेत चावी.

तुमच्या मशीनमध्ये पातं थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, खालच्या टोकाला बसवलेलं आहे. वरच्या टोकाला जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्यात लोहचुंबक. तो चुंबक कॉइलसमोरून जातो त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. शाफ्टवर फ्लायव्हील नेमकं कुठल्या जागी बसायचं ते ही नखाएवढी चावी ठरवते. पातं अडलं की शाफ्ट जागीच थांबतो, पण जड फ्लायव्हीलला फिरतच राहायचं असतं. मग चावी कापली जाते, किंवा नुसती मुडपते. फ्लायव्हील मिलिमीटरभर सरकलं तरी ठिणगी भलत्या वेळी पडते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि दोरी उलटी ओढली जाते. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, म्हणून गॅरेजवाल्याला सगळं ठीक दिसलं. वेळ चुकलीय हे डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्या इंजिनाच्या यादीत 222698 हा नंबर शोधा. तीच चावी.

इथे हात जोडून एक सांगतो. लेथवाल्याकडे गेलात तर तो दहा मिनिटांत स्टीलची चावी घासून देईल आणि ‘आता आयुष्यात तुटणार नाही’ म्हणेल. घेऊ नका. फ्लायव्हील धरून ठेवण्याचं काम शाफ्टचा निमुळता टेपर आणि वरचा नट करतात. चावी फक्त जागा दाखवते, आणि ती मऊ धातूची मुद्दाम केलेली असते. स्टीलची घातली तर पुढच्या वेळी चावीऐवजी शाफ्टची खाच फाटेल. मग मात्र गॅरेजवाला म्हणतो ते खरं होईल. मी अशी इंजिनं भंगारात जाताना पाहिली आहेत.

फ्लायव्हील काढायला पुलर, म्हणजे ते सरळ वर ओढून काढायचं हत्यार, वापरा, त्यासाठी त्यात भोकं दिलेली असतात. पान्याने उचकटलं तर पंख्याची पाती तुटतात. शनिवारी मी पुलर आणि टॉर्क पाना घेऊन येतो, पण पुस्तक आल्यावरच. नट किती घट्ट करायचा ते मॉडेलप्रमाणे बदलतं. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यामधली फटही तशीच: काही मॉडेलांना 0.15 ते 0.25 मिमी, काहींना 0.25 ते 0.36. एकतीस वर्षं काम केलं तरी हे आकडे मी कधी अंदाजाने लावले नाहीत. आमचे फोरमन पुस्तक उघडल्याशिवाय पाना हातात देत नसत.

तोवर प्लग काढून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि खाली मधल्या बोल्टकडे नीट बघा. तो डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. स्थिर राहिला तर काळजी नाही. मशीन तिरकं करण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि प्लगची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

एडिसन, न्यू जर्सी

काका, तुमचं पत्र मी प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावलंय.

ताई, माझी आई गुरुवारच्या विमानाने कळव्याला परत येतेय. दोन चाव्या आणि जे 19 एलएम नंबरचा एक प्लग तिच्या पर्समध्ये दिलाय. प्लगचा गॅप 0.76 मिमी ठेवा.

घोडबंदर रोड, ठाणे

मंडळी, काल संध्याकाळी दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.

चावी पूर्ण तुटली नव्हती, मधोमध मुडपली होती. फ्लायव्हीलची खाच आणि शाफ्टची खाच एका रेषेत नाहीत, हे काकांनी माळीदादांना आणि मला बोटाने दाखवलं. शाफ्ट सरळ आहे. कॉइलची फट पुस्तकातला आकडा बघून, मध्ये जाड कागद धरून लावली. पात्याला धार लावून मधल्या भोकात खिळा घालून तोलून पाहिलं, एक बाजू जड होती, ती घासून सारखी केली.

काकांनी पेट्रोलचा मुद्दाही काढला. पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलंय आणि आता आपल्या पंपांवर 20 टक्क्यांचं मिळतं. त्यामुळे गवत कापून झालं की टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पुस्तकातलं हिवाळ्यात मशीन ठेवून देण्याचं प्रकरण आपण दिवाळी ते मृग असं वाचायचं, कारण आपलं मशीन नेमकं तेवढे महिने पडून असतं.

माळीदादा मराठी छान वाचतात, इंग्रजी नाही. मशीन रोज हाताळणाऱ्याला त्याचं पुस्तक वाचता येऊ नये, हे मला सहन होईना. म्हणून आठ वाक्यं मराठीत लिहून पंप रूमच्या भिंतीवर लावतेय. काका, एकदा तपासाल का?

1. रोज सुरू करण्याआधी तेलाची पातळी बघा.
2. हवेचा फिल्टर काळा दिसला तर सांगा.
3. पात्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढा.
4. मशीन तिरकं करताना प्लगची बाजू वर.
5. कापण्याआधी हिरवळीवर फिरून दगड, खेळणी, चेंबरची झाकणं बघून घ्या.
6. पातं कशालाही आपटलं तर पुन्हा दोरी ओढू नका. आधी चावी तपासायची.
7. काम संपलं की पेट्रोल संपेपर्यंत चालवा.
8. इंजिन गरम असताना टाकीत पेट्रोल घालू नका.

नौपाडा, ठाणे

ताई, सगळं बरोबर आहे. फक्त तिसरं वाक्य पहिलं घ्या, आणि लाल शाईने लिहा.