बीपी नॉर्मल, मग फुफ्फुसात दाब कसा?

आईचा बीपी 120/80. तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाच्या धमनीत दाब जास्त आहे. जिना चढताना तिचे ओठ निळसर पडतात. असं कसं?

– ताई, दंडावर मोजतात तो दाब वेगळा. फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब 20 मिमी पाऱ्याच्या वर गेला की हा आजार, पल्मनरी हायपरटेन्शन. खात्री हृदयात बारीक नळी (कॅथेटर) घालूनच होते. एका प्रकारात बारीक धमन्यांच्या अस्तरात धमनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, ती आकसवणारं एन्डोथेलिन वाढतं. धमनी आकसते, पुढे भिंतच जाडावते. हृदयाचा उजवा कप्पा जोर लावून थकतो, पाय सुजतात.

– पण बहुतेकांत मूळ डाव्या हृदयात असतं. फुफ्फुसातल्या रक्ताच्या जुन्या गुठळ्यांचंही नक्की विचारा, व्ही-क्यू स्कॅनमध्ये (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) कळतं; काहींच्या ऑपरेशनने काढता येतात.

– स्कॅन झालेलाच नाही! उद्याच विचारते.