अनधिकृत स्ट्रीमवर सामना पाहणे कितपत योग्य? मदत हवी आहे

आमच्या फुटबॉलप्रेमी मित्रांमध्ये या प्रश्नावरून तीव्र मतभेद झाले असून मला आपले मार्गदर्शन हवे आहे. प्रीमियर लीग या इंग्लंडमधील अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नाचा काही भाग खालच्या श्रेणीतील क्लबांपर्यंतही पोहोचतो, त्यामुळे अनधिकृत स्ट्रीम पाहणे मला अन्यायाचे वाटते. परंतु इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळेत सामन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी असते. मैदानांवरील, विशेषतः लहान क्लबांच्या मैदानांवरील गर्दी टिकावी, या हेतूने १९६०च्या दशकापासून ही बंदी चालत आली आहे. तेथील चाहत्याची पैसे मोजण्याची तयारी असूनही अधिकृत मार्गच नसेल, तर त्याला दोष कसा द्यावा, असे मित्र विचारतात. रेडिओवरील समालोचन मला प्रामाणिक पर्याय वाटतो, त्यांना तो अपुरा वाटतो. अशा वेळी नुकसान नेमके कोणाचे होते, हे त्यांना कसे पटवून द्यावे?