अनुभव धागा: गाडीत अपंग माणूस आणि खासगी पार्किंगची नोटीस (इंग्लंड आणि वेल्स)

मेघना_लेस्टर

इथल्या बहुतेक मराठी घरांत असं पत्र एकदा तरी येऊन गेलेलं असतं. सुपरमार्केट किंवा रिटेल पार्कमध्ये गाडी लावली, कॅमेऱ्याने येता-जाता नंबरप्लेट टिपली, आणि आठवड्याभरात पोस्टाने ‘पार्किंग चार्ज नोटीस’ हजर. १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. घरात कुणी अपंग असेल तर हे पत्र यायची शक्यता जास्त, कारण पाटीवरची वेळ धडधाकट माणसाचा वेग धरून ठरवलेली असते.

माझ्या सासूबाईंची डावी बाजू पक्षाघातात गेली. त्यांना गाडीतून उतरवायचं म्हणजे आधी डिकीतून चेअर काढायची, उघडून सीट खाली दाबायची, फूटरेस्ट अडकवायचे, दाराशी तिरकी लावून दोन्ही ब्रेक लावायचे. मग त्यांचे पाय एकेक करून उचलून बाहेर ठेवायचे, काखेत हात घालून उभं करायचं, त्या जरा स्थिर झाल्या की जागच्या जागी वळवून बसवायचं. पदर चाकात जात नाही ना ते बघायचं. पाऊस असेल तर हे सगळं पावसात. आणि परत येताना पुन्हा उलट क्रमाने. एका दुकानात पाव-भाजी-दूध घेण्यासाठी लागणाऱ्या वेळेपेक्षा हा वेळ मोठा. नोटीस आली ती अशाच एका दिवसाची, पंधरा-वीस मिनिटं जास्त झाल्याची. अपील केलं, रद्द झाली.

कशाने रद्द झाली ते सांगते, कारण धागा काढायचं कारण तेच आहे. आपल्यापैकी बरेचजण पत्रात ‘आमच्याकडे ब्लू बॅज (अपंगांना कौन्सिलकडून मिळणारं पार्किंगचं कार्ड) आहे’ एवढंच लिहितात. ब्लू बॅजची योजना रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहे. खासगी जागेत ती कायद्याने लागू नाही, आणि कंपनी नेमकं तेवढंच उत्तर देऊन मोकळी होते. खासगी जागेत लागू होतो तो २०१० चा समानता कायदा, म्हणजे इक्वॅलिटी ॲक्ट. त्याच्या कलम २० आणि २९ प्रमाणे लोकांना सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तीसाठी वाजवी फेरबदल करायचे असतात, तेही कुणी येऊन मागायची वाट न बघता. जास्तीचा वेळ हा असाच एक फेरबदल. त्यासाठी बॅज असावाच लागतो असं नाही. रोजच्या हालचालींवर मोठा परिणाम करणारी आणि वर्षभर किंवा जास्त टिकणारी अवस्था असली की ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अपंग.

म्हणून माझ्या पत्राचा पहिलाच परिच्छेद बॅजचा नव्हता. गाडीत कोण होतं, त्यांना काय होतं, उतरायला-चढायला काय करावं लागतं, आणि म्हणून आम्ही वाजवी फेरबदल म्हणून जास्तीचा वेळ धरून हा चार्ज रद्द करायची मागणी करतो, असं सरळ लिहिलं. सोबत डॉक्टरांचं पत्र.

तुमचे अनुभव लिहा. जिंकलेले, हरलेले, अर्धवट सोडलेले, सगळे. कंपनीचं, दुकानाचं नाव नको.

रेडिंगकर

आमचे बाबा सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले होते. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर, हातात कुबडी. इथे राहत नसल्यामुळे ब्लू बॅज मिळणार नव्हता. एका सुपरमार्केटला गेलो तेव्हा ओल्या फरशीवर कुबडी घसरायची भीती म्हणून ते फार सावकाश चालत होते, मध्ये दोनदा बाकावर बसले. नोटीस आली.

मी आधी कंपनीला लिहिलंच नाही. खरेदीची पावती, बाबांचं भारतातलं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि नोटीस घेऊन थेट दुकानाच्या मॅनेजरकडे गेलो. बाबा सोबत होते. मॅनेजरबाईंनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं, बाबांना खुर्ची दिली आणि माझ्यासमोर ईमेल केला. दोन-तीन दिवसांत रद्द झाल्याचं कळलं. जागा दुकानाची असते किंवा दुकानाने भाड्याने घेतलेली असते. पार्किंग कंपनी त्यांनी नेमलेली असते. गिऱ्हाइकाला असं पत्र गेलेलं दुकानाला आवडत नाही. हा रस्ता सगळ्यात आधी बघावा असं माझं ठाम मत आहे.

बाबा परत जाताना म्हणाले, “त्या बाईला दिवाळीला काहीतरी दे.” दिलं.

अनिता_स्लाउ

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. बघणाऱ्याला काही दिसत नाही. दुकानातून बाहेर पडताना फायर अलार्मची टेस्ट सुरू झाली आणि तो जमिनीवर बसला, कान दाबून. अशा वेळी त्याला उचलायचं नसतं, फक्त शेजारी बसायचं असतं. तेवढा वेळ कॅमेऱ्याच्या हिशोबात गेला.

इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ब्लू बॅज मिळू शकतो. आमच्याकडे आहे, पण मेघनाताई म्हणतात ते खरं, बॅजचा फोटो पाठवून पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्या पायरीला, म्हणजे कंपनीबाहेरच्या अपील संस्थेकडे, मुलाच्या शाळेतल्या आधार-योजनेची प्रत आणि त्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहिलं. कंपनीने पुढे लढवलं नाही.

विवेक_नॉटिंगहॅम

एक तांत्रिक गोष्ट, जी आम्हाला उपयोगी पडली. विंडस्क्रीनवर काही न लावता फक्त कॅमेऱ्यावरून नोटीस आली असेल तर आधी दोन तारखा बघा: पार्किंगची आणि नोटीस मिळाल्याची. २०१२ चा प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट, परिशिष्ट ४. पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत नोटीस रजिस्टर्ड कीपरला (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याला) मिळाली पाहिजे, नाहीतर पैसे कीपरकडे मागता येत नाहीत, फक्त गाडी चालवणाऱ्याकडे. आणि चालवणारं कोण होतं हे कंपनीला सांगायची सक्ती नाही. गाडीवर पिवळं पाकीट लावलेलं असेल तर हिशोब वेगळा, मग कीपरला नोटीस २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ दिवसांच्या आत यायला हवी. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला हे परिशिष्ट लागू नाही.

आईला पार्किन्सन्स आहे आणि तोही मुद्दा आम्ही मांडला होता, पण निकाल तारखेवर लागला.

एक शंका. ऑफिसातला एकजण म्हणाला की २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या बीविस खटल्यानंतर असले चार्ज कायदेशीरच ठरलेत, लढून उपयोग नाही. खरं का?

मेघना_लेस्टर

विवेक, अर्धं खरं. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, ते गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले, आणि ८५ पौंडांचा चार्ज कोर्टाने योग्य धरला, कारण गाड्या हलत्या राहणं यात जागामालकाचं वाजवी हित आहे. पण त्या खटल्यात अपंग व्यक्तीचा प्रश्नच नव्हता. समानता कायद्याखाली काय होतं हे त्या निकालाने ठरवलेलं नाही. कंपन्यांच्या उत्तरात हा निकाल हमखास चिकटवलेला असतो. घाबरू नका.

स्वाती_कार्डिफ

मी स्वतः ती प्रवासी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मणक्याच्या दुखापतीनंतर मी इलेक्ट्रिक चेअर वापरते. आमच्या व्हॅनला बाजूने रॅम्प आहे. अपंगांसाठीच्या जागेशेजारी तिरप्या रेषांचा पट्टा आखलेला असतो तो त्या रॅम्पसाठी. खरेदी वेळेत आटोपून बाहेर आलो तर त्या पट्ट्यावर कुणीतरी गाडी लावून गेलेलं. रॅम्प उघडेना. नवऱ्याने दुकानात जाऊन घोषणा करायला सांगितली, व्हॅन मागे घेऊन वाटेत उभी करावी तर मागून गाड्यांची रांग. मी पावसात पत्र्याच्या छपराखाली, मांडीवर पिशव्या. त्या गाडीचा मालक आला तेव्हा त्याने काचेतून हात केला आणि निघून गेला. दोन तासांची मर्यादा तोवर उलटली होती.

नोटीस नवऱ्याच्या नावाने आली, गाडी त्याच्या नावावर म्हणून. पहिलं अपील फेटाळलं: पाट्या स्पष्ट होत्या. दुसऱ्या पायरीवरच्या संस्थेने लिहिलं की भेदभाव झाला का ते ठरवणं आमच्या कक्षेत नाही. इथे बरेचजण पैसे भरून टाकतात. त्यांनी हे वाचावं: या दुसऱ्या पायरीचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही.

मग वसुली एजन्सीची पत्रं, लाल अक्षरांत, रक्कम ७० पौंडांनी वाढवून. कोर्टाचा निकाल नसताना त्यांना घरात येण्याचा किंवा वस्तू नेण्याचा काहीही अधिकार नसतो. ती आम्ही फक्त फाइलला लावली. मात्र ‘लेटर ऑफ क्लेम’, म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं शेवटचं पत्र, आलं की उत्तर द्यायचंच, त्याला ३० दिवस असतात. आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर एक दिवसही दुर्लक्ष करायचं नाही, कारण उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि तो क्रेडिट रेकॉर्डवर बसतो.

आम्ही बचाव लिहिला. पट्ट्यावरच्या गाडीचा फोटो होता, वेळेसकट. मुद्दा हा मांडला की पट्टा मोकळा ठेवणं हे जागा चालवणाऱ्याचं काम, ते न झाल्यामुळे मी अडकले आणि त्या अडकण्याचेच पैसे तुम्ही मागता आहात. कंपनीचं म्हणणं होतं की पाटी वाचून गाडी लावली की होतो तो करार चालकाशी, अपंग तर प्रवासी. यावर कलम १४२ दाखवलं: करारातली अट कुणाविरुद्ध वापरायची त्याच्याशीच नव्हे, दुसऱ्या कुणाशी भेदभाव करत असेल तरी ती लागू करता येत नाही. साक्षीचं निवेदन मी माझं मी लिहिलं. आजवर सगळी पत्रं नवऱ्याच्या नावाने चालली होती, जणू मी व्हॅनमधलं सामान. त्या कागदावर मी काय बघितलं, किती थंडी वाजली, घरी आल्यावर रात्रभर पाय कसे आखडले, हे माझ्या नावाने गेलं. मला त्याचं फार मोल आहे.

मे २०२४ पासून असल्या लहान दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. तासाभराचा कॉल. ‘निम्मे भरा’ म्हणाले, आम्ही नाही म्हटलं. सुनावणीची फी भरायची वेळ आली तेव्हा कंपनीने दावा मागे घेतला.

कंपनीवर उलट दावा करायचा असेल तर घटनेपासून सहा महिन्यांत करावा लागतो. तो विचार आमच्या मनात उशिरा आला.

ज्योत्स्ना_हॅरो

स्वातीताई, वाचून अंगावर काटा आला.

आम्ही ६० पौंड भरले. आईची केमो चालू होती, घरात दुसऱ्या कागदाला जागा नव्हती. तेव्हाचा तो निर्णय बरोबर होता. इथे कुणी अशा परिस्थितीत असेल तर लढलंच पाहिजे असं ओझं घेऊ नये.

मेघना_लेस्टर

ज्योत्स्ना, अगदी. आई कशा आहेत आता? एक सांगून ठेवते, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांत ब्लू बॅजवाल्यांना आणि वारंवार उपचारांना येणाऱ्यांना पार्किंग मोफत ठेवायचं धोरण आहे. पण बऱ्याच ठिकाणी आत जाऊन गाडीचा नंबर नोंदवावा लागतो. वॉर्डच्या रिसेप्शनला विचारा.

पराग_एमके

आमचं प्रकरण थांबण्याचं होतं. खासगी रस्त्यावर, इमारतीच्या दाराशी आजीला उतरवत होतो. ‘नो स्टॉपिंग’ची पाटी. आजी वॉकरवर, वय ८८. तिला दाराच्या आत बसवून लगेच गाडी हलवली. ऑक्सफर्डच्या कौंटी कोर्टातला २०१६ चा जॉप्सन विरुद्ध होमगार्ड हा निकाल आम्ही अपिलात जोडला. त्यात न्यायाधीशांनी म्हटलं होतं की सामान किंवा माणूस उतरवायला क्षणभर थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. तिथे प्रश्न राहत्या इमारतीच्या भाडेकराराचा होता, त्यामुळे सगळीकडे जसाच्या तसा चालेल असं नाही. आमचं काम झालं.

कौन्सिलची नोटीस मात्र वेगळी, तिला ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ म्हणतात आणि तो खरा सरकारी दंड असतो. दोन्हींची आद्याक्षरं सारखीच, म्हणून पत्राच्या डोक्यावर कौन्सिलचं नाव आहे की कंपनीचं ते आधी बघा.

नवी_सभासद_क्रॉयडन

वाचतेय. माझे सासरे पुढच्या महिन्यात लातूरहून येताहेत. गुडघ्याखाली पाय नाही, कृत्रिम पाय लावतात. तिकडून काय कागद आणायला सांगू?

रेडिंगकर

यूडीआयडी कार्ड मूळ आणि झेरॉक्स दोन्ही, त्यावर इंग्रजी मजकूर असतोच. सिव्हिल सर्जनचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. शक्य असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी: किती अंतर चालवतं, मध्ये बसावं लागतं का, पायऱ्या जमतात का. ‘अमुक टक्के अपंगत्व’ इथल्या माणसाला फारसं काही सांगत नाही, पण ‘शंभर पावलांनी बसावं लागतं’ हे लगेच कळतं. सगळ्याचे फोटो फोनमध्ये ठेवा. आणि दुकानात आत शिरल्या शिरल्या कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरला गाडीचा नंबर देऊन सांगा की सोबत अपंग माणूस आहे, वेळ वाढवून द्या. बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे होतं. नाही म्हणाले तर कुणी, किती वाजता नाही म्हटलं ते लिहून ठेवा.