हातातून खाल्लं, एवढ्यावर जाऊ नका
नवा कुत्रा हातातून खाऊ घेतो, मग ‘बस’ शिकवायला घेऊ का, असं एकाने विचारलंय. इतक्यात नको. घेताना मान ताणून मागचे पाय मागेच रोवतो का, बघा. तसं असेल तर तो नुसता भुकेपोटी पुढे येतोय. खाऊ संपला की आपण फार जवळ आलोय हे त्याला कळतं, आणि घाबरून चावतात ते अशाच वेळी. त्यापेक्षा जमिनीवर तिरके बसा, नजर रोखू नका, नखाएवढा तुकडा त्याच्या मागे टाका. खाऊन आपणहून परत आला तर छातीला 3 सेकंद खाजवून हात काढा. पुढे सरकला तर आणखी खाजवा. ओठ चाटले, तोंड फिरवलं तर थांबा. डोक्यावरून हात मात्र अजिबात नको.