‘सकाळी फिरायला जात जा’ ही धमकी आहे की सल्ला?

कट्ट्यावरचा बंड्या :
परवा ऑफिसात जेवताना वाद झाला, तो इथे आणतोय. विषय सोशल मीडियावरच्या राजकीय धमक्यांचा. एक मित्र म्हणाला, जीवे मारण्याची धमकी दिली की सरळ आत टाकायचा, चर्चा कसली. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्याकडे ‘मी तुला मारीन’ असं लिहितो कोण? जानेवारी २०१६ आठवा, पिंपरी-चिंचवडच्या साहित्य संमेलनाच्या आधी नियोजित अध्यक्ष श्रीपाल सबनीसांच्या पंतप्रधानांवरच्या वक्तव्यावरून राडा चालू होता आणि एका वकिलाने ट्विट केलं की सबनीसांनी मॉर्निंग वॉकला जावं. बास, एवढंच. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घातल्या ते सकाळी फिरायला गेलेले असताना, पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोळ्या झाडल्या तेव्हा तेही फिरूनच परत येत होते. हे ज्याला माहिती आहे त्याला त्या ट्विटचा अर्थ कळतो, ज्याला नाही त्याला तो आरोग्याचा सल्ला वाटतो, आणि लिहिणाऱ्यानेही नंतर तेच सांगितलं.

माझं मत, अशा वाक्यावर गुन्हा दाखल व्हायलाच हवा. शब्द नाही, संदर्भ बघा. तुम्ही बोला.

सांगलीकर :
संदर्भ बघायचा तर तो बघणार कोण? हवालदार? पालघर विसरलात का, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद का म्हणून एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. तिथेही पोलिसांनी ‘संदर्भ’च बघितला होता की! आयटी कायद्याच्या ज्या ६६अ कलमावर हे झालं ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ ला रद्द केलं म्हणून बरं. तुम्ही आता तेच मागच्या दाराने आत आणताय.

कट्ट्यावरचा बंड्या :
दवाखाना फोडणाऱ्यांना धरा असंच तर म्हणतोय मी. त्या मुलींनी कुणाला धमकी दिली होती? धमकी आणि टीका एकाच टोपलीत का टाकताय.

सांगलीकर :
मी नाही टाकत, पोलिस टाकतात. मे २०२२ घ्या. अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांवरची दुसऱ्याच कुणाची तरी कविता शेअर केली, साधारण ४० दिवस आत. त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याला उचलला, त्याच्या ट्विटमध्ये बारामतीच्या गांधींसाठी बारामतीचा नथुराम तयार करायची वेळ आली असं काहीतरी होतं, नाव कुणाचंच नाही. महिनाभर जेल. शेवटी हायकोर्टाने विचारलं, रोज शेकड्यांनी ट्विट पडतात, प्रत्येकाची दखल घेणार का? आणि तुमच्या त्या मॉर्निंग वॉकवाल्या वकिलाचं सांगा की पुढचं. दाभोलकर खटल्यात त्यालाही आरोपी केलं आणि १० मे २०२४ च्या निकालात तो निर्दोष सुटला. तुम्ही मनात शिक्षा देऊन मोकळे.

रेवा :
ते प्रकरण ट्विटचं नव्हतंच, हत्यारं नष्ट करायला सांगितल्याचा आरोप होता. सुटला तर सुटला, कोर्टाचं मान्य. पण त्याने ट्विट सल्ला ठरत नाही.

आणि सांगलीकर, नथुरामवालं ट्विट मला तरी निरुपद्रवी वाटत नाही हं. महिनाभर जेल अतीच झालं, जामीन दुसऱ्या दिवशी मिळायला हवा होता, पण ‘नथुराम तयार करा’ ही काय कविता आहे का? आपल्याकडे माणसाचं नाव हेच क्रियापद झालंय. जून २०२३ ला पवारांना आली ती धमकी पण तशीच, तुमचा दाभोलकर होणार. कुणाचं तरी मरण असं वापरतात आणि आपण व्याकरण तपासत बसतो.

भाऊसाहेब :
पवारांना आली तेव्हा सुप्रियाताई थेट पोलिस आयुक्तांकडे गेल्या आणि लगेच पुण्यातून माणूस उचलला. आम्ही गेलो असतो तर ‘साहेब राऊंडला गेलेत, संध्याकाळी या’.

वकीलकाका (निवृत्त नाही) :
जरा कायद्याचं सांगतो, नंतर भांडा. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०३ आणि ५०६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५१. साधी धमकी दोन वर्षांपर्यंत, जीवे मारण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि नाव लपवून दिली तर वरती आणखी दोन वर्षांपर्यंत. ऐकायला जबरदस्त. पण मूळ कायद्याच्या तक्त्यात हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे तुम्ही ठाण्यात गेलात की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात देतात, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसाला तपाससुद्धा करता येत नाही. मग आरोपीला खरंच आत ठेवायचं असेल तर पोलिस काय करतात? दोन गटांत तेढ, समाजात शत्रुत्व अशी दखलपात्र कलमं जोडतात. ही कलमं धमकीची नाहीतच, पण अटक त्यावर होते. म्हणून गंमत अशी की खऱ्या धमकीला एनसी आणि टोचणाऱ्या पोस्टला जेल. दोघेही बरोबर आहात, आणि दोघेही चुकीच्या कलमावर भांडताय.

म्युनिकचा मन्या :
इथे जर्मनीत वाल्टर ल्युबके म्हणून कासेलचा मोठा सरकारी अधिकारी होता, मर्केलबाईंच्याच पक्षाचा. २०१५ ला निर्वासितांच्या छावणीवरून सभेत बोलला, त्यातला तुकडा कापून व्हिडिओ फिरवला, मग वर्षानुवर्षं नेटवर शिव्या आणि धमक्या. १ जून २०१९ च्या रात्री स्वतःच्या घराच्या ओट्यावर एका कट्टर उजव्याने गोळी घातली. मारल्यावरही लोक नेटवर खूश होत होते. मग २०२१ ला कायदा कडक केला, जाहीरपणे नेटवर धमकी दिली तर शिक्षा जास्त. आधी शब्द येतात, मग गोळी येते, असं इथे सगळ्यांना पटलं तेव्हा माणूस गेलेला होता.

सांगलीकर :
मन्या, त्याच २०२१ ला तुमच्या हॅम्बुर्गमध्ये काय झालं ते पण सांग ना. गृहखातं सांभाळणाऱ्या मंत्र्याला एकाने ट्विटरवर एक चावट शब्द वापरला, तर सकाळी सहाला पोलिस घरी झडतीला! कोर्टाने नंतर ती झडती बेकायदेशीर ठरवली. कायदा कडक केला की पहिला कोण वापरतो? मंत्रीच.

म्युनिकचा मन्या :
हो तो शब्द इथे शाळेतली पोरंही वापरतात 😄 हे मात्र मान्य. पण झडती चुकली म्हणून ल्युबकेला आलेल्या धमक्या खोट्या होत नाहीत ना.

पाटीलवाडा :
अरे सगळ्यांचे फोन बंद करा, प्रश्न मिटला. आमच्या वेळी धमकी द्यायची तर समोर यावं लागायचं, निम्मे तिथेच गार व्हायचे.

शाळेतल्या बाई :
मी सहसा लिहीत नाही. पण बंड्या यांनी जे वाक्याबद्दल लिहिलंय ते माझ्याबाबत झालंय म्हणून लिहिते. आमच्या तालुक्याच्या गावात मागच्या वर्षी एका स्टेटसवरून वातावरण तापलं होतं, गावच्या ग्रुपवर ‘उद्या चौकात जमा, दाखवून देऊ’ असं चाललेलं. मी एवढंच लिहिलं की दगड मारले तर काचा आपल्याच बाजारपेठेच्या फुटतील, दुकानदारांमध्ये माझे विद्यार्थी आहेत दोन्हीकडचे. रात्री वेगळा मेसेज आला. ‘मॅडम, तुमची मुलगी साडेसातच्या एसटीने जाते ना?’ पुढे हात जोडलेला इमोजी.

सकाळी ठाण्यात गेले, अंमलदारांनी मोबाईल हातात घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाले, यात धमकी कुठंय मॅडम, एसटीची वेळच विचारलीय. मग माझ्या आग्रहावरून एनसी घेतली. ते काही वाईट माणूस नव्हते, चहा पण विचारला. पण मेसेज पाठवणाऱ्याला साधा फोनसुद्धा कुणी केला नाही. मुलगी पंधरा दिवस तिच्या मामाच्या गाडीवरून कॉलेजला गेली.

रेवा :
बाई 🙏 वाचूनच कसंतरी झालं.

सांगलीकर :
बाई, तुमच्याबाबत झालं ते वाईटच. यावर मी वाद घालणार नाही. मला इतकंच म्हणायचं होतं की त्याला जेलमध्ये टाकण्याआधी ठाण्यात बोलावून समोर बसवणं, लेखी घेणं, एवढं तरी व्हायला हवं होतं. अटकेचा सोस नेत्यांसाठी आणि साध्या माणसाला चहा.

कट्ट्यावरचा बंड्या :
मग आपण एकाच बाजूला आलो की! मलाही चाळीस दिवस कुणाला आत नकोय. मला हवंय की तो मेसेज वाचून अंमलदाराला घाम फुटावा.

वकीलकाका (निवृत्त नाही) :
बाई, एनसीची प्रत, मेसेजचा स्क्रीनशॉट वेळेसकट आणि तो फोन तसाच जपून ठेवा, मेसेज डिलीट करू नका. मॅजिस्ट्रेटकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. त्याने तुम्हाला अजून काही पाठवलंय का?

शाळेतल्या बाई :
मला नाही. गावच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी सहाला त्याचं सुप्रभात येतं, फुलं आणि गणपती. मी ग्रुप सोडलेला नाही.